इंदूरहून हिमालयातील ट्राउटच्या पाण्याकडे: सहलीची आखणी

इंदूरमध्ये राहून मासेमारीची हौस जोपासणाऱ्या माणसाचा हात उभ्या पाण्यावर बसलेला असतो. तलावाच्या काठी सावली पाहून बसायचे, कणकेची गोळी गळाला लावायची आणि तरंगते बूच हलेपर्यंत वाट पाहायची, एवढ्या भांडवलावर माळव्यात रोहू किंवा कटला मिळून जातो. ट्राउटच्या बाबतीत यातले जवळजवळ काहीच उपयोगी पडत नाही. हा मासा थंड, वाहत्या आणि स्वच्छ पाण्यात राहतो. तो आपल्याकडे येत नाही, आपल्याला त्याच्याकडे चालत जावे लागते, आणि पाण्याचा रंग बिघडलेला असेल तर चालत जाऊनही काही हाती लागत नाही.

आमची पहिली सहल नेमकी याच कारणाने फसली. मुलांच्या सुट्ट्या आणि कार्यालयातील रजा यांचा मेळ जूनच्या पहिल्या आठवड्यात बसत होता, म्हणून आम्ही त्या आठवड्यात कुलूच्या बाजूला पोहोचलो आणि पाच दिवस सिमेंट कालवल्यासारख्या राखाडी पाण्याकडे पाहत बसलो. ज्या प्रवास संस्थेने आरक्षण केले होते, तिने ‘हंगाम चालू आहे’ असे सांगितले होते आणि ते खोटेही नव्हते. परंतु हंगाम कायद्याने उघडा असणे आणि पाणी मासेमारीला उघडे असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून या लेखात रजा, तिकीट आणि हॉटेल यांच्या आधी पाण्याचा विचार केला आहे, आणि आपणही आखणी त्याच क्रमाने करावी असा माझा आग्रह आहे.

मासा कोणता

हिमालयात ट्राउट मूळचा नाही. १८९९ मध्ये इंग्लंडहून काश्मीरसाठी पाठवलेली ब्राउन ट्राउटची अंडी वाटेतच नष्ट झाली. पुढच्या वर्षी, १९०० मध्ये, स्कॉटलंडहून आलेली खेप जगली आणि श्रीनगरजवळ हारवन येथे तिची वाढ झाली. श्रीनगरात गालिच्यांचा कारखाना चालवणाऱ्या फ्रँक मिचेल यांनी या कामी पुढाकार घेतला होता. पुढे काश्मीरमधील अंडी कुलू खोऱ्यात नेण्यात आली, आणि १९०९ मध्ये कटराईंजवळ महिली येथे जी. सी. एल. हॉवेल यांच्या प्रयत्नांतून तिथले अंडी उबवणी केंद्र उभे राहिले. नंतर रेनबो ट्राउटही आला. आज मत्स्यशाळांमध्ये प्रामुख्याने रेनबो वाढवतात, तर नद्यांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या स्वतःहून वाढणारा मासा बहुतेक ब्राउन असतो. ब्राउनच्या अंगावर काळ्यांबरोबर तांबडे ठिपके असतात. रेनबोच्या कुशीवर गुलाबी पट्टा असतो आणि शेपटीवर बारीक काळे ठिपके दाट असतात.

एक गोंधळ आधीच टाळावा. उत्तराखंडात ज्याला असेला म्हणतात आणि इंग्रजी नावामुळे ज्याला अनेकजण स्नो ट्राउट म्हणतात, तो ट्राउट नव्हे. तो आपल्या रोहूच्याच कुळातला, दगडांवरचे शेवाळ खरवडून खाणारा स्थानिक मासा आहे. कोणी आपल्याला ‘इथे ट्राउट भरपूर’ असे सांगितले तर कोणता ट्राउट, हे विचारून घ्यावे.

महिना ठरवणे

हिमाचल प्रदेशात ट्राउटच्या पाण्यावर १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर मासेमारी बंद असते, कारण ब्राउन ट्राउट थंडीच्या तोंडावर नदीच्या गोट्यांमध्ये अंडी घालतो आणि त्या काळात पाण्यात फिरणाऱ्या माणसाच्या बुटांखालीही अंडी चिरडली जातात. काश्मीरमध्ये हंगाम साधारणपणे एप्रिल ते सप्टेंबर असा असतो. कायद्याची चौकट इतकीच. तिच्या आत पाण्याचे स्वतःचे वेळापत्रक चालते.

हिमाचलमध्ये मार्च आणि एप्रिलच्या मध्यापर्यंत पाणी कमी, नितळ आणि फार थंड असते. मासे असतात, पण सुस्त असतात. मे सुरू झाला की वरचा बर्फ वितळू लागतो, आणि जूनपर्यंत मोठ्या नद्यांचे पाणी इतके चढते व गढूळ होते की गळ कुठे पडला हेही दिसत नाही. या काळातही ज्या उपनद्यांच्या माथ्यावर हिमनदी नाही, त्या झऱ्यांवर पोसल्या जात असल्यामुळे बऱ्यापैकी स्वच्छ राहतात, आणि मोठ्या प्रवाहातही पहाटेचे पाणी दुपारच्या पाण्यापेक्षा उतरलेले असते, कारण रात्री वितळणे थांबते. जुलै ते सप्टेंबरचा मध्य हा पावसाचा काळ. त्या वेळी रस्ते दरडींनी बंद होतात आणि नद्या चॉकलेटी होतात. जुलै २०२३ मध्ये कुलू-मंडी भागात काय झाले हे आठवले तरी पुरे. सप्टेंबरचा उत्तरार्ध आणि ऑक्टोबर हा मात्र सर्वांत चांगला काळ: पाऊस ओसरलेला, बर्फ वितळणे थांबलेले, पाणी हिरवट काचेसारखे, आणि अंडी घालण्यापूर्वी मासा खाण्यावर तुटून पडलेला.

काश्मीरचे गणित थोडे वेगळे आहे. पीर पंजालच्या आड असल्यामुळे मोसमी पावसाचा जोर तिथे कमी पोहोचतो; एप्रिल-मे बर्फाच्या पाण्याचे, जूनपासून पाणी उतरते, आणि ऑगस्ट-सप्टेंबर उत्तम. गंगबल, विशनसर, किशनसर यांसारखी उंचावरची सरोवरे जुलैपूर्वी सहसा गाठता येत नाहीत, कारण वाटेतल्या खिंडींवर बर्फ असतो.

आता हे इंदूरच्या दिनदर्शिकेवर मांडून पाहू. अनंत चतुर्दशीच्या झांक्या, म्हणजे चित्ररथ, पाहिल्यावाचून इंदूरकर गाव सोडत नाही. त्यानंतर पितृपक्ष येतो, आणि ज्या घरांत तो पाळला जातो तिथे सप्टेंबरचा उत्तरार्ध हातचा जातो. मासा पकडून लगेच सोडायचा असतो, हे मला आमच्या आईला अजून पटवून देता आलेले नाही. उरतो दसरा ते दिवाळी हा काळ, आणि बहुतेक वर्षी तो ऑक्टोबरमध्ये बसतो. दिवाळी नोव्हेंबरात असेल तर ३१ ऑक्टोबरच्या आत परत फिरण्याचे ध्यानात ठेवावे. आणखी एक गोष्ट अशी, की कुलूचा दसरा विजयादशमीला सुरू होऊन पुढे सात दिवस चालतो, त्यामुळे त्या आठवड्यात कुलू-भुंतरच्या बाजूच्या बसगाड्या आणि खोल्या भरलेल्या असतात. तो आठवडा सोडून जावे, नाहीतर मुक्काम खोऱ्यात आत, मुख्य रस्त्यापासून दूर ठेवावा.

महिना ठरला तरी तिकिटे काढण्यापूर्वी आणि पुन्हा निघण्याच्या आदल्या दिवशी मुक्कामाच्या घरमालकाला दूरध्वनी करावा. त्याला ‘हंगाम कसा आहे’ असे विचारू नये. उत्तर नेहमीच चांगले येते. पाण्याचा रंग कोणता आहे, काल वर पाऊस झाला का, पुलाखालचे दगड वरून दिसतात का, संध्याकाळी पाणी चढते का, असे प्रश्न विचारावेत. या चार उत्तरांवरून सहल पुढे ढकलायची की नाही, हे घरबसल्या कळते.

पाणी निवडणे

पहिल्या सहलीसाठी माझी शिफारस हिमाचलमधील तीर्थन खोऱ्याची आहे. ही नदी ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानातून उतरते, ज्याला २०१४ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला, आणि गुशैणी, नागिनी, बंजार अशा गावांजवळून वाहत लारजीकडे जाते. या नदीवर जलविद्युत प्रकल्प होऊ नयेत यासाठी तिथल्या लोकांनी दीर्घ लढा दिला आणि नदी मोकळी राहिली. गळ टाकणाऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की वरून धरणाचे पाणी अचानक सुटण्याची भीती इथे नाही आणि पाण्याची पातळी नैसर्गिक गतीनेच चढते-उतरते. रस्ता नदीला लागून जातो, नदीकाठच्या घरांतून राहण्याची सोय होते आणि तिथल्या अनेक तरुणांना मासा कोणत्या दगडामागे असतो हे पाठ असते. गुशैणीला तीर्थनमध्ये फलाचन हा प्रवाह मिळतो. एकीचे पाणी गढूळ असेल तर दुसरी पाहता येते, हा त्या मुक्कामाचा मोठा फायदा. राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत मात्र गळ टाकता येत नाही.

बरोट हे मंडी जिल्ह्यातील उहल नदीवरचे गाव दुसरी चांगली निवड आहे. १९३० च्या दशकात शानन वीजप्रकल्पासाठी इथे पाणी अडवले गेले, आणि ट्राउटची मत्स्यशाळाही इथे आहे. गाव छोटे व शांत असून देवदारांनी वेढलेले आहे. पण बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला उतरताना पाणी सुटण्याची वेळ विचारूनच उतरावे.

काश्मीरमध्ये पहलगामचा लिद्दर, सोनमर्गचा सिंध नाला आणि कोकरनागचा ब्रिंगी हे जुने, नावाजलेले प्रवाह आहेत. प्रवाहाचे भाग पाडलेले असतात, त्यांना बीट म्हणतात, आणि एका दिवशी एका बीटवर ठरावीक रॉडनाच, म्हणजे गळ टाकणाऱ्या ठरावीक माणसांनाच, परवानगी मिळते. म्हणजे तिथे गेल्यावर पाणी आपल्या वाट्याचे असते. हिमाचलमध्ये हे सुख नाही. एप्रिल २०२५ मधील पहलगामच्या हल्ल्यानंतर तिथली अनेक पर्यटनस्थळे बंद करून टप्प्याटप्प्याने उघडण्यात आली, म्हणून आपल्या बीटपर्यंतचा रस्ता खुला आहे ना, हे परवाना घेतानाच पक्के करावे.

उत्तराखंडातील दोडीताल हे सुमारे ३००० मीटर उंचीवरचे सरोवर ब्राउन ट्राउटसाठी प्रसिद्ध आहे, पण तिथे चालत जावे लागते आणि गळ टाकण्यासाठी उत्तरकाशीच्या वन विभागाची परवानगी घ्यावी लागते. ही दुसऱ्या किंवा तिसऱ्या सहलीची गोष्ट आहे.

एका सहलीत एकच खोरे करावे. तीर्थन, मनाली आणि बरोट असे तिन्ही सात दिवसांत उरकण्याचा मोह नकाशा पाहून होतो, कारण नकाशावर ती गावे जवळ दिसतात. प्रत्यक्षात पहिला दिवस प्रवाह समजण्यात जातो, दुसऱ्या दिवशी चुका कळतात आणि मासे तिसऱ्या दिवसापासून लागतात. तिसऱ्या दिवशी गाडीत बसणाऱ्याला मासे कुठून मिळणार?

परवाना

हिमाचलमध्ये परवाना राज्याच्या मत्स्य विभागाकडून मिळतो. कुलूच्या बाजूला पतलीकूहलच्या ट्राउट फार्मवर, तर तीर्थन खोऱ्यात विभागाच्या स्थानिक कर्मचाऱ्यांकडून. घरमालकाला आधी कळवल्यास तो व्यवस्था करून ठेवतो, पण परवाना आपल्या नावाचा आणि त्या तारखेचा आहे याची खात्री स्वतः करावी. ओळखपत्राच्या प्रती सोबत ठेवाव्यात. दिवसाला किती मासे ठेवता येतात, किती लांबीखालचा मासा सोडावाच लागतो आणि कोणते आमिष चालते, हे परवान्यावर किंवा विभागाच्या नियमपत्रात दिलेले असते. काश्मीरच्या काही बीटवर फक्त फ्लायच, म्हणजे गळावर पिसे-दोरा गुंडाळून केलेला नकली किडाच, चालते, म्हणून स्पिनर (फिरत्या पात्याचे धातूचे आमिष) घेऊन जाणाऱ्याने बीट निवडतानाच हे विचारावे.

इंदूरहून जाणे

मालवा एक्सप्रेस ही इंदूरकरांची उत्तरेची जुनी वाट आहे. ती अंबाल्यामार्गे जम्मू-कटऱ्याला जाते, त्यामुळे हिमाचलसाठी अंबाल्याला आणि काश्मीरसाठी कटऱ्याला उतरणे अशी दोन्ही कामे तीच गाडी करते. अंबाल्याहून चंदीगड सुमारे ४५ किलोमीटर आहे. तिथून मनालीच्या बसने औटच्या बोगद्याच्या तोंडाशी उतरावे आणि लारजीमार्गे बंजारकडे जाणारी टॅक्सी किंवा बस घ्यावी. चंदीगडहून रात्रीची बस घेण्याचा प्रघात आहे, कारण एक दिवस वाचतो. मी तो सोडून दिला आहे: रात्रभर वळणांवर हिंदकळलेला माणूस सकाळी नदीत उतरला की त्याचा पाय घसरतो. चंदीगडला रात्र काढून सकाळी निघावे. काश्मीरसाठी ६ जून २०२५ पासून कटरा ते श्रीनगर रेल्वे सुरू झाल्यामुळे महामार्गावरच्या दरडींवर अवलंबून राहण्याची गरज बरीच कमी झाली आहे.

विमानाने जात असाल तर गळ, चिमटे आणि छोटा चाकू केबिनमधल्या पिशवीत नेऊ देत नाहीत. ते सामानात द्यावेत. रॉडचे माझे दुःख वेगळे आहे. कापडी पिशवीत दिलेला रॉड मला दिल्लीच्या पट्ट्यावर टोक मोडलेल्या अवस्थेत मिळाला. तेव्हापासून मी इंदूरच्या सियागंज बाजारातून आणलेल्या ७५ मिलिमीटर जाड पीव्हीसी नळीचा तुकडा वापरतो, दोन्ही बाजूंना टोपण आणि आत जुन्या टॉवेलची गुंडाळी. चार तुकड्यांत सुटणारा ९ फुटी रॉड सुमारे ७० सेंटिमीटर लांबीच्या तुकड्यांचा होतो, आणि ही नळी रेल्वेत बर्थखाली सहज मावते.

जाऊन येऊन नऊ दिवस धरावेत: प्रवासाचे चार, गळ टाकण्याचे चार आणि एक मोकळा. मोकळा दिवस हा पावसासाठी किंवा दरडीसाठी राखलेला असतो. तो सुदैवाने उरला तर जलोडी खिंड आणि सेरोलसर तलाव पाहता येतात, आणि सोबत आलेल्या, गळ न टाकणाऱ्या मंडळींची तक्रारही मिटते.

साहित्य

खर्चाला मर्यादा असेल तर पैसे या क्रमाने लावावेत: आधी स्थानिक वाटाड्या, मग बूट, मग चश्मा, आणि सर्वांत शेवटी रॉड. बहुतेक लोक हा क्रम उलटा करतात. महागडा रॉड घेऊन चुकीच्या जागी उभा राहिलेला माणूस मी दरवर्षी पाहतो.

बूट घोट्याच्या वर येणारे, तळाला पकड असलेले आणि पाण्यात भिजून चालणारे असावेत. शेवाळलेल्या गोल गोट्यांवर साध्या खेळाच्या बुटांचा तळ साबणासारखा घसरतो. छातीपर्यंतचा वेडर, म्हणजे पाण्यात उभे राहण्याचा जलरोधक पायघोळ, असेल तर ऑक्टोबरमध्ये सुख लागते, पण त्याचा पट्टा कमरेला आवळलेला असलाच पाहिजे, कारण पडल्यावर तो पाण्याने भरतो. वेडर नसेल तर लोकरीचे जाड मोजे आणि झटपट वाळणारी विजार यांवर भागते. पाण्याच्या वरची चकाकी कापणारा पोलराइज्ड चश्मा ही चैनीची वस्तू नव्हे. त्याच्यावाचून आपल्याला मासाही दिसत नाही आणि पुढचा खड्डाही दिसत नाही. हातात छातीइतकी उंच काठी ठेवावी.

ज्याने कधी फ्लाय टाकलेली नाही, त्याने पहिल्या सहलीत हलका स्पिनिंग रॉडही सोबत न्यावा. ६ ते ७ फुटांचा, लहान रिळाचा, ६ ते ८ पौंडी दोरा आणि ३ ते ७ ग्रॅमचे फिरत्या पात्याचे स्पिनर एवढे पुरते. स्पिनरला तिहेरी गळ असतो तो काढून एकेरी लावावा, आणि प्रत्येक गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करावा. काटा दाबल्यामुळे मासे सुटतात ही समजूत आहे. दोरा ताठ ठेवला तर सुटत नाहीत, आणि आपल्याच बोटात गळ रुतला तर निघताना त्या समजुतीचा फोलपणा लगेच कळतो.

फ्लायसाठी ५ क्रमांकाचा (हा दोऱ्याच्या वजनाचा क्रमांक) ९ फुटी रॉड, त्याच क्रमांकाचा तरंगता दोरा, त्यापुढे ९ फुटांचा निमुळता पारदर्शक धागा म्हणजे लीडर आणि टोकाला ४ एक्स किंवा ५ एक्स जाडीचा बारीक धागा म्हणजे टिपेट हे हिमालयातल्या बहुतेक प्रवाहांना चालते. फ्लायची पेटी मोठी असण्याची गरज नाही. पाण्याखाली बुडणाऱ्यांपैकी फेझंट टेल आणि हेअर्स इअर, तरंगणाऱ्यांपैकी अ‍ॅडम्स आणि एल्क हेअर कॅडिस, गळाच्या १२ ते १६ क्रमांकांत प्रत्येकी चार-सहा, इतक्यावर मी अनेक दिवस काढले आहेत. झाडांत आणि दगडांत रोज चार-पाच जातील हे गृहीत धरावे.

याशिवाय गळ काढण्याचा लांब चिमटा, गाठ नसलेली रबरी जाळी, पावसाचे जाकीट, कोरडे कपडे ठेवलेली जलरोधक पिशवी, शिटी आणि साधा तापमापक. तापमापकाला लोक हसतात. पण पाणी ६ अंशांवर असेल तर मासा तळाशी मंद असतो, १० ते १६ अंशांत तो मन लावून खातो, आणि २० च्या वर गेले तर पाण्यात प्राणवायू कमी झाल्यामुळे दमलेला मासा सोडल्यावरही मरतो, म्हणून अशा वेळी गळ टाकणेच थांबवावे.

चिमणबागेतला सराव

फ्लाय फेकायला पाणी लागत नाही. सकाळी सहाला चिमणबागेच्या मैदानावर, क्रिकेटवाले येण्यापूर्वी, महिनाभर रोज वीस मिनिटे सराव केला तर डोंगरातले दोन दिवस वाचतात. टोकाला गळाऐवजी लोकरीचा लाल गोंडा बांधावा. कोपर अंगाजवळ, मनगट ताठ. रॉड समोर घड्याळाच्या दहावर आणि मागे एकावर थांबवावा, आणि मागे गेलेला दोरा पूर्ण उलगडेपर्यंत धीर धरावा. नवशिक्याची सगळी फेक या मागच्या थांब्यात बिघडते. लांब फेकण्याचा हव्यास सोडावा. आठ-दहा मीटरवर ठेवलेल्या थाळीत गोंडा पडू लागला की तयारी झाली. पाहणारे विचारतातच, ‘भियाँ, इथे मासे कुठे?’ त्यालाही सवय होते.

गाठी घरी संध्याकाळी, दिवा मंद करून बांधून पाहाव्यात. गळाला दोरा बांधण्याची क्लिंच गाठ आणि दोरा दोऱ्याला जोडण्याची सर्जन गाठ या दोनच पुरतात, मात्र ओढण्यापूर्वी गाठ थुंकीने ओली केली नाही तर ती घर्षणाने जळून कमजोर होते.

प्रवाहावर

पहिल्या दिवशी नदीत उतरण्याआधी गुडघाभर पाण्यात उभे राहून खाली पाहावे. बुटाची नाडी दिसत असेल तर पाणी उत्तम. बूटच दिसत नसेल तर फ्लाय पेटीत ठेवून चमकता स्पिनर लावावा किंवा उपनदीकडे वळावे. मग काठाजवळचे दोन-चार दगड उलटावेत. दगडाच्या खालच्या बाजूला चपट्या अंगाचे, तीन शेपट्यांचे मेफ्लायचे किडे आणि वाळूचे कण चिकटवून घरटे केलेले कॅडिसचे किडे दिसतात. ट्राउटचे बरेचसे जेवण तेच आहे. आपल्या पेटीतून त्याच आकाराची व त्याच रंगाची फ्लाय निवडावी. यात आकार अधिक महत्त्वाचा.

ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून स्थिर राहतो आणि वाहून येणारे खाणे टिपतो. म्हणून आपण नेहमी खालून वर, त्याच्या शेपटीच्या बाजूने जावे. त्याला जोराच्या पाण्यात ताकद घालवायची नसते, पण खाणे तर जोराच्या पाण्यातूनच येते. त्यामुळे जिथे वेगवान आणि संथ पाणी एकमेकांना घासून जाते ती रेघ त्याची आवडती जागा. मोठ्या दगडाच्या मागचा संथ कोपरा तर आहेच, पण दगडाच्या पुढेही पाण्याची एक उशी तयार होते आणि तिथेही मासा असतो, हे फार थोडे लोक वापरतात. डोहाचे मुख, डोहाची शेपटी, काठाखाली पोखरलेली जागा, झाडाची लटकती फांदी, ही बाकीची घरे.

प्रत्येक जागी आधी जवळचे पाणी, मग मधले, मग पलीकडचे असे टाकत जावे, कारण दूर फेकलेला दोरा जवळच्या माशाच्या डोक्यावरून गेला की तो मासा संपला. फ्लाय पाण्याच्याच वेगाने वाहिली पाहिजे. मधला दोरा प्रवाहाने ओढला जाऊन फ्लाय पाण्यावर रेघ ओढू लागली तर मासा फिरकत नाही. त्यासाठी दोरा पडताच रॉडच्या टोकाने तो प्रवाहाच्या वरच्या बाजूला उचलून टाकावा. पाण्याखालची फ्लाय माशाने घेतली की हाताला झटका बसेलच असे नाही; दोऱ्याचे टोक क्षणभर अडते, इतकेच. शंका आली की रॉड उचलावा. एका जागी आठ-दहा फेकीत काही झाले नाही तर पुढे चालावे. तलावावरची बैठक इथे मोडावी लागते, आणि माळव्यातल्या माणसाला हेच सर्वांत जड जाते.

कपडे दगडांच्या रंगाचे असावेत, सावली पाण्यावर पडू देऊ नये, वाकून चालावे. ऑक्टोबरमध्ये पहाटे पाचला उठण्याची हौस करू नये. पाण्यावर ऊन येऊन किडे हलायला दहा-अकरा वाजतात, आणि चारनंतर पुन्हा सामसूम होते. उन्हाळ्यात याच्या उलट, पहाट आणि सांज या दोनच वेळा कामाच्या. घरमालकाकडची न्याहारी निवांत करूनच निघावे.

सरोवरावर हे सगळे बदलते, कारण तिथे पाणी मासे हलवत नाही, मासे स्वतः काठाकाठाने फिरतात. ओढा सरोवरात शिरतो ती जागा, ओढा बाहेर पडतो ती जागा आणि उथळ काठ एकदम खोल होतो ती कड यांपैकी एक निवडून स्थिर उभे राहावे. लहान चमचा (चमच्याच्या आकाराचे धातूचे आमिष) किंवा बुडती फ्लाय टाकून मनात आकडे मोजावेत, पाचपर्यंत, मग पुढच्या वेळी दहापर्यंत, आणि ज्या खोलीवर मासा लागला तो आकडा धरून ठेवावा. दुपारचा वारा सुटण्यापूर्वीची वेळ चांगली. इंदूर सुमारे ५५० मीटरवर आहे. ३००० मीटरच्या वरच्या सरोवराला थेट जाऊ नये, मध्ये एक मुक्काम करावा, आणि डोकेदुखी व मळमळ वाढत असेल तर खाली उतरावे.

जिवाची काळजी

८ जून २०१४ रोजी मंडी जिल्ह्यात थलौट येथे बियासच्या पात्रात उतरलेले हैदराबादचे २४ विद्यार्थी लारजी धरणातून सोडलेल्या पाण्यात वाहून गेले. ती जागा तीर्थन खोऱ्याला जातानाच्या वाटेवर लागते. धरणाच्या खालच्या पात्रात, पाणी कितीही कमी दिसत असले तरी, फोटोसाठीही उतरू नये. मोकळ्या नदीतही पाणी अचानक गढूळ झाले, काड्या-पाने वाहून येऊ लागली किंवा आवाज बदलला, तर वर पाऊस झाला असे समजून लगेच काठ गाठावा. मांडीच्या वर पाण्यात जाऊ नये, एकट्याने जाऊ नये, आणि पडल्यास पाय पुढे, खालच्या दिशेला ठेवून पाठीवर तरंगत काठाकडे सरकावे. प्रवाहात उभे राहण्याच्या धडपडीत पाय दगडांत अडकतो.

मासा लागल्यानंतर

हात आधी ओले करावेत, कारण कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा चिकट थर निघतो आणि तिथे बुरशी लागते. मासा जाळीत, पाण्यातच ठेवून चिमट्याने गळ काढावा. फोटो हवा असेल तर कॅमेरावाला तयार झाल्यावरच मासा उचलावा आणि आपला श्वास रोखून धरावा. आपल्याला श्वास घ्यावासा वाटला की माशालाही पाण्याची गरज आहे. सोडताना त्याचे तोंड प्रवाहाकडे धरावे, ढकलू नये. शेपटी मारून तो स्वतः जातो. गळ घशात खोल गेला असेल तर ओढू नये, दोरा तोंडाजवळ कापून सोडावा.

खायचा असेल तर नदीतला न ठेवता मत्स्यशाळेतला रेनबो विकत घ्यावा. घरमालकीण तो मोहरीच्या तेलात परतून देते, आणि आमच्याकडून त्यावर इंदुरी जिरावण मसाल्याची चिमूट पडते. बंजारच्या एका घरात आता दरवर्षी जिरावणाच्या पुडीची मागणी होते.

परतण्याच्या आदल्या दिवशी बूट, वेडर आणि जाळी स्वच्छ धुऊन उन्हात पूर्ण वाळवावीत. ओल्या तळव्यांतून शेवाळ आणि माशांचे रोग एका नदीतून दुसरीत जातात, शिवाय ओले बूट मालवा एक्सप्रेसच्या डब्यात एक रात्र राहिले तर सहप्रवाशांशी भांडण ठरलेले असते. घरी आल्यावर फ्लायची पेटी उघडी ठेवावी, गळ गंजत नाहीत. आणि तारीख, पाण्याचे तापमान, रंग व लागलेली फ्लाय हे वहीत लिहून ठेवावे, म्हणजे पुढच्या वर्षी घरमालकाला दूरध्वनी करताना कोणता प्रश्न विचारायचा राहिला होता ते समोर असते.